त्या रात्री बाळापाशी कोण होतं?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,



पत्र लिहिण्यास कारण की, माझी नात बाटली घेत नव्हती.

आता घेते. त्यामुळे विषय संपला असं आपल्या कार्यालयात कुणालाही वाटेल आणि पत्र फायलीला लागेल. पण मधल्या अकरा दिवसांत आमच्या डोंबिवलीच्या घरात जे काही झालं, त्यातलं निम्मं तरी टळलं असतं. ते का टळलं नाही याचा विचार करताना मला आपलं खातं आठवलं. मी सदुसष्ट वर्षांची आहे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आहे. अर्ज कुठल्या टेबलावर आडवा होतो ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून अर्ज न करता उघडं पत्र लिहिते आहे.

आपल्या राज्यात अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी जी खोली असते तिला हिरकणी कक्ष म्हणतात. नाव ज्यांनी सुचवलं त्यांचं मला कौतुक आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, वेळ झाली म्हणून मिटलेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. तिथे महाराजांनी बुरूज बांधला. ही गोष्ट मी मुलाला सांगितली, नातीलाही सांगेन. पण या खेपेला पाळण्यापाशी बसल्या बसल्या एक प्रश्न पडला, जो आजवर कधी सुचला नव्हता. हिरकणी कडा उतरत होती तेव्हा बाळापाशी कोण होतं? सासू असेल, जाऊ असेल, नाहीतर शेजारीण. बाळ भुकेनं लाल झालेलं, आईचा पत्ता नाही. त्या बाईनं काय केलं असेल? गाईच्या दुधात बोट बुडवून चाटवलं असेल? फडक्याची वात करून पिळली असेल? गोष्टीत तिचा उल्लेखच नाही. बुरूज हिरकणीचाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी हे पत्र खालच्या घरातल्या त्या दुसऱ्या बाईच्या वतीनं लिहिते आहे.

माझी सून ऐरोलीला एका कंपनीत काम करते. सात चाळीसची लोकल, ठाण्याला गाडी बदलायची. घरातून निघाल्यापासून परत दारात पाऊल पडेपर्यंत अकरा तास जातात. तिला बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा मिळाली. २०१७च्या दुरुस्तीआधी खाजगी नोकरीत ती १२ आठवडेच होती, तेव्हा ही मोठीच गोष्ट आहे. पण या २६ आठवड्यांतले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. सुनेचा रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी तिला तीन आठवडे आधीच घरी बसवलं. उरले २३. बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नको, असं आरोग्य खातं सांगतं; ते बरोबरच आहे. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. मधल्या तीन आठवड्यांचं काय? एखादीनं आठही आठवडे आधी घेतले असतील तर तिचं बाळ साडेचार महिन्यांचंही नसताना ती गाडीत चढते. सल्ला एका खात्याचा, रजेचा कायदा दुसऱ्या खात्याचा, आणि दोघांच्या मधल्या फटीत माझी नात.

नातीला आईशिवाय प्यायची सवय लावायला आम्ही उशिरा सुरुवात केली, ही आमची चूक. रजा संपायला बारा दिवस राहिले तेव्हा घरात सगळ्यांना एकदमच जाग आली. मी ट्रंकेतलं चांदीचं बोंडलं काढलं. माझ्या मुलाच्या बारशाला माहेरून आलेलं, नळीच्या टोकाशी थोडं चेपलेलं. चिंच लावून लखलखीत केलं. सुनेनं काढून दिलेलं दूध त्यात घेऊन मांडीवर आडवं धरून नातीच्या ओठाला लावलं. तिनं जिभेनं ते असं ढकललं की दूध माझ्या चष्म्यावर. मग बाटली. दुकानात बाटल्यांची भिंतच्या भिंत होती. रुंद तोंडाच्या, अरुंद तोंडाच्या, पोटात हवा जाऊ न देणाऱ्या, निपलच्या भोकांना नंबर असलेल्या. मुलानं तीन आणल्या. तिन्हींना नातीनं सारखाच न्याय दिला: मान वळवायची, पाठीची कमान करायची आणि टाहो फोडायचा.

पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही. मुलगा वाढवलेली बाई मी, आणि साडेपाच किलोच्या जिवापुढे हरले.

सोसायटीत एक निवृत्त परिचारिका राहतात. सहाव्या दिवशी त्या आल्या, दारातूनच पाच मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तिला पाजत नाही आहात, तिच्या घशात ओतताय." मला राग आला. पण त्यांनी जे समजावलं ते मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. अंगावर बाळ आधी नुसतं भरभर चोखतं, तेव्हा जवळजवळ काहीच येत नाही. मग पान्हा येतो, ते घोट घेतं, दमतं, थांबतं, पुन्हा ओढतं. नळाची चावी बाळाच्या हातात असते. बाटली उभी धरली की दूध स्वतःच्या भारानं खाली येतं, बाळानं ओढो न ओढो. बाळाला ठसका लागतो, ते घाबरतं. आपल्याला वाटतं हट्ट करतंय. ते बिचारं जीव वाचवत असतं.

तेव्हा चावी तिच्या हाती परत द्यायची. बाळाला आडवं न घेता जवळजवळ बसतं धरायचं. निपल सगळ्यांत कमी धारेचं. ते ओठाला नुसतं टेकवून थांबायचं. तिनं आपणहून तोंड उघडलं तरच आत. बाटली जमिनीला समांतर, निपलच्या टोकापुरतं दूध राहील एवढीच कललेली. चार-पाच घोट झाले की बाटली खाली घेऊन श्वास घेऊ द्यायचा. तोंड फिरवलं की संपलं. बाटलीत उरलं म्हणून "एवढं घोटभर" करत कोंबायचं नाही. पोरगी भुकेनं वेडी व्हायच्या आधीच द्यायचं, कारण रडणाऱ्या बाळाला नवी कला शिकवता येत नाही. आणि आईनं त्या वेळी घरात थांबायचं नाही. बाळाला वासावरून कळतं. पंचपक्वान्न शेजारच्या खोलीत मांडलेलं असताना चटणी-भाकरी कोण खाईल?

सून बिचारी खाली बागेत जाऊन बसायची. वरून रडणं ऐकू यायचं आणि तिचा कुडता भिजायचा.

दुधाचंही एक शास्त्र आहे. काढलेलं दूध गार खोलीत चारेक तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत. डोंबिवलीच्या मे महिन्यात खोली गार नसते, म्हणून थेट फ्रीज. वर साय जमते, ती बाटली हलक्या हातानं फिरवून मिसळायची. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. सातव्या दिवशी फ्रीजमधल्या दुधाला साबणासारखा वास आला. सून रडवेली झाली, "आई, नासलं." मीही ओतून द्यायला निघाले होते. नासलं नव्हतं. काही जणींच्या दुधातला एक पाचक रस साठवणीत दुधातली चरबी फोडतो, त्याचा तो वास. बाळाला अपाय नसतो, एवढंच की चोखंदळ बाळ ते नाकारतं. ताजं काढलेलं दिलं की प्रश्न निम्मा मिटतो. हे माहीत नसल्यामुळे किती घरांत किती बायांचं दूध मोरीत गेलं असेल, कुणास ठाऊक.

नवव्या दिवशी संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला. नात पेंगुळलेली होती. त्यानं तिला पाठीनं आपल्या छातीशी टेकवलं, तोंड बाहेर करून गॅलरीत येरझाऱ्या घालू लागला आणि गाड्या बघता बघता बाटली तिच्या ओठाला लावली. ती प्यायली. आमच्या ह्यांनी बारा दिवस एक डायरी ठेवली होती, निवृत्त माणसाला काहीतरी नोंद लागतेच. त्यात त्या दिवसापुढे लिहिलं आहे: "सायं. ६.५०. ४० एमएल. गॅलरी. तोंड रुळांकडे." कारणही नंतर कळलं. अंगावर घेतात तसं कुशीत घेतलं की तिला अंगावरचंच हवं असायचं. बापाच्या छातीकडून तिची तशी काही अपेक्षाच नव्हती. अकराव्या दिवशी तिनं माझ्या हातून घेतलं, तेही गॅलरीतच, आणि बाराव्या दिवशी सून कामावर गेली.

हे सगळं आपल्याला इतकं बारकाईनं का सांगते आहे? कारण ह्यातली एकही गोष्ट मला कुठल्याही सरकारी कागदावर वाचायला मिळाली नाही. प्रसूतिगृहात भिंतीवर चित्र होतं, दुधाची बाटली आणि तिच्यावर लाल फुली. लसीकरणाच्या दिवशी तेच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह असतो, तेव्हा तर जागोजाग तेच. बाटली नको म्हणणारे सगळे. बाटली द्यावीच लागली तर कशी द्यावी, हे सांगणारं कुणी नाही.

फुली का मारली ते मला ठाऊक आहे, आणि बहुतेकांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. माझा मुलगा १९८३चा. तेव्हा केंद्र सरकारी नोकरीत बाळंतपणाची रजा ९० दिवस होती. पुढे १९९७मध्ये १३५ आणि २००८मध्ये १८० झाली. मला त्याचा उपयोग नव्हता. मी आधी पंधरा दिवस घेतले होते, म्हणजे अडीच महिन्यांच्या मुलाला सासूबाईंकडे सोडून मी कामावर. दूध हळूहळू तोडावं हेही कुणी सांगितलं नाही. एका सोमवारी एकदम सगळ्या वेळा बंद. मंगळवारपर्यंत छाती दगडासारखी झाली, बुधवारी ताप. शेजारच्या काकूंनी कडुनिंबाचा पाला वाटून लावायला सांगितला. त्यानं मुलगा दूर झाला, दुखणं नाही. एका वेळेचं पाजणं बंद करून चार-पाच दिवस थांबायचं, मग दुसरी वेळ, मधे छाती ताठली तर ताण जाईल इतपतच काढायचं, लाली आणि ताप दिसला तर डॉक्टर गाठायचा, एवढंच साधं गणित. मला ते चाळीस वर्षं उशिरा कळलं.

आणि बाटली. त्या काळच्या पावडरच्या डब्यावर गालांचे डोंगर असलेलं बाळ असायचं. गुटगुटीत बालक स्पर्धा भरायच्या. डबा महाग, म्हणून सासूबाई पावडर बेतानं घालायच्या, पाणी सढळ. बाटली चहाच्या भांड्यातल्या उरलेल्या गरम पाण्यानं विसळायच्या. रबरी बुचाच्या आतल्या कडेला पिवळट थर असायचा, तो मी रविवारी बघायची आणि घासायची. चौथ्या महिन्यात मुलाला जुलाब लागले. तीन दिवस सलाइनवर होता. सासूबाईंना मी कधी दोष दिला नाही, त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. पण तो डबा पुढे मी तूरडाळीला वापरला, आणि कित्येक वर्षं डाळ काढताना ते हसरं बाळ उलटं करून ठेवत असे.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अशा दुधाच्या विक्रीबद्दल आचारसंहिता केली. १९९२ साली आपल्या संसदेनं कायदा केला. डब्यावर बाळाचं चित्र नको, बाटलीची जाहिरात नको, फुकट नमुने नकोत. त्या कायद्याला मी हात जोडते. तो शिथिल करा असं हे पत्र म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. पण कायद्यानं तोंड बंद केलं ते विकणाऱ्याचं. शिकवणाऱ्यानंही आपलं तोंड का मिटून घ्यावं? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिन्यांखालची शंभरातली सुमारे चौसष्ट बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. उरलेल्या छत्तिसांच्या तोंडात काहीतरी जातंच आहे. त्यांच्या घरातल्या बाईशी आपण बोलणार की तिला फुली दाखवत राहणार?

ही बाई कोण, ते आता सांगते. आमच्याकडे भांड्याला एक मुलगी येते, बावीस वर्षांची. पहिलटकरीण. पंचेचाळिसाव्या दिवशी ती कामावर हजर. तिला कसली २६ आठवड्यांची रजा? सरकारच्या मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून. सहा घरची कामं करणाऱ्या बाईची किती दिवसांची मजुरी त्यात भागते, ते आपण आपल्या कर्मचाऱ्यांकडून काढून घ्या. बाळ जावेपाशी असतं. माझी बाटली उकळताना बघून तिनं विचारलं, "आजी, ही रोज उकळायची असते?" मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. एक मापटं पावडर आणि बाटली भरून पाणी. डबा महिनाभर पुरवायचा असतो. बाळ किरकिरं, पण पोट टम्म दिसतं, म्हणून कुणाला शंका नाही. तिनंही एकदा एका ठिकाणी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "बाटली द्यायचीच नाही." ती गप्प बसली. पुन्हा कधी विचारलं नाही आणि बाटली देत राहिली.

१९८३ साल माझ्या ओट्याशी उभं होतं.

मी तिला आधी बसवलं आणि हातानं दूध काढायला शिकवलं. पंप लागत नाही, धुतलेले हात आणि उकळलेली वाटी लागते. पहिल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम भिजला. आठवड्यानं अर्धी वाटी. ते आमच्या फ्रीजमध्ये ठेवते, दुपारी घरी जाताना बर्फाच्या पिशवीत घालून नेते. आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आता दोन बाळांचं दूध असतं. ह्यांनी डब्यांना पट्ट्या चिकटवल्या आहेत, एक निळी, एक लाल, वर तारीख-वेळ. जावेला मी घरी बोलावून वाटी-चमच्यानं पाजायला दाखवलं, कारण वाटीला कोपरे नसतात, राखेनं घासली तरी लख्ख होते. डॉक्टर बाटलीपेक्षा वाटी बरी म्हणतात त्याचं मोठं कारण हेच आहे. बाटलीची फुली बाटलीवर नाही, तिच्या बुचातल्या त्या पिवळ्या थरावर आहे. पण दिवसभर चार पोरं सांभाळणारी जाऊ प्रत्येक वेळी अर्धा तास चमच्यानं पाजणार नाही, हेही मला कळतं. म्हणून बाटलीचंही शिकवलं: सगळे भाग सुटे करून ब्रशनं घासायचे, पाण्यात पूर्ण बुडवून पाच-दहा मिनिटं उकळायचे. पावडरला पाणी उकळलेलं, आणि वाफ निघण्याइतपत कढत असतानाच पावडर घालायची, कारण पावडर जंतुमुक्त नसते; मग मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट लागेपर्यंत थांबायचं. मापटं सपाट, आणि डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. पुरवायचं नाही. उरलेलं तासाभरानं टाकून द्यायचं. "टाकून?" असं तिनं दोनदा विचारलं. वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध मुख्य अन्न म्हणून नको, हेही सांगितलं. ते तिला पटायला जड गेलं, कारण तिच्या सासूच्या मते पावडर म्हणजे शहरी थेर.

सुनेचं काय झालं, ते राहिलं. तिच्या कचेरीत पहिल्याच दिवशी दुपारी एक वाजता पान्हा आला, कुडता भिजला. पंप तिनं नेला होता, बसायचं कुठे? तिला स्टेशनरीची खोली दाखवली. कडी आतून लागत नाही, म्हणून एक मैत्रीण दाराबाहेर उभी. प्लगचं बटण खोक्यांच्या मागे. दूध ठेवायला फ्रीजमध्ये जागा मागितली तर एक जण म्हणाला, "इथे आमचे डबे असतात." वरिष्ठांना विचारलं, तर अशी काही पॉलिसी नाही म्हणाले. पॉलिसी नसेल, कायदा आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातच बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी होती. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही ती ठेवली आहे. सुनेला ते ठाऊक नव्हतं, तिच्या वरिष्ठांनाही. पन्नास आणि त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी हेही आहे. पण सात चाळीसच्या डोंबिवली लोकलमध्ये पाच महिन्यांचं बाळ घेऊन जावं असं ज्यानं लिहिलं, त्यानं सात चाळीसची गाडी पाहिलेली नाही. बाळ कचेरीपर्यंत येऊ शकत नसेल तर दूध घरापर्यंत गेलं पाहिजे. त्याला आतून कडी लागणारं दार, एक खुर्ची, एक प्लग आणि फ्रीजचा एक कोपरा, एवढंच हवं. बुरूज नको.

डिसेंबर २०२२मध्ये आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. बाळ दिसलं म्हणून झाला. सुनेचं बाळ कुणाला दिसत नाही. ते डोंबिवलीत गॅलरीत रुळांकडे तोंड करून बसलेलं असतं.

स्टेशनरीच्या खोलीत दूध पुरेसं निघेना, तेव्हा दुसऱ्या महिन्यात आम्ही एका वेळेला पावडर सुरू केली. डबा घरात आला त्या संध्याकाळी सून जेवली नाही. आपण हरलो असं तिला वाटत होतं. तिच्या मोबाइलवर कुठल्या कुठल्या मातांचे सल्ले येत होते, आईच्या दुधाला पर्याय नाही वगैरे. नाहीच आहे पर्याय. पण सकाळी एकदा, संध्याकाळी आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी एकदा आणि रात्री तीनदा ती पाजते. दिवसभराचा हिशेब पोरगी रात्री वसूल करते. त्यात दुपारची एक बाटली आली म्हणून ती कमी आई कशी होते? मी तिला तूरडाळीच्या डब्याची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघी बसून नव्या डब्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचलं. बाळाचं चित्र नव्हतं. बरं वाटलं.

माझं मागणं फार नाही, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच हातात आहे. अंगणवाडी आपली आहे. तिथे गरोदर बायका येतात, बाळंतिणी येतात, आज्या येतात. बाटलीवर फुली मारलेलं चित्र आहे तिथेच राहू दे. त्याच्या शेजारी आणखी एक कागद लावा, पाजायची वेळ दुसऱ्या कुणावर आली तर काय करायचं याचा. हातानं दूध कसं काढायचं, किती वेळ ठेवायचं, वाटी कशी धरायची, बाटली धरावीच लागली तर कशी, कशी उकळायची, किती पाण्याला किती पावडर. अंगणवाडीताईला हे बोलायची मुभा द्या, म्हणजे भांडीवालीच्या प्रश्नाला ती फुली दाखवणार नाही. पाठ घ्यायला शिक्षक शोधावे लागणार नाहीत. १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. काढलेलं दूध राखायचं ज्ञान आपल्याच मुंबईत इतकी वर्षं नांदतं आहे. शीव ते डोंबिवली लोकलनं तासाभराचा रस्ता आहे.

आणि कामगार खात्याच्या मंत्र्यांशी आपली गाठ पडेल तेव्हा त्या दोन सुट्ट्यांबद्दल बोला. रजा मंजुरीच्या पत्रातच एक ओळ छापायला लावा, की कामावर परतल्यावर पंधराव्या महिन्यापर्यंत तुम्हाला रोज दोन वेळा सुट्टी आहे. बाईला हक्क माहीत असला तरी मागताना जीभ अडखळते. कागदावर छापलेला असला की मागावा लागत नाही. रजेचे जे आठवडे आधी आजारपणापायी जातात ते सहा महिन्यांच्या हिशेबातून वजा होऊ नयेत, हेही मला मागायचं होतं. पण ते दिल्लीचं काम आहे आणि माझं वय लक्षात घेता मी आधी डोंबिवलीचं मागते.

नातीचं उष्टावण झालं. आता ती नाचणीचं सत्त्व खाते, केळं खाते, स्टीलच्या फुलपात्रातून पाणी पिते आणि उरलेलं माझ्या पदरात ओतते. बोंडल्याला अजून तोंड लावत नाही. त्यानं पाट वाजवते.

आपल्या खात्याकडून कुणी आलं तर स्वागत आहे. फोन केलात तर दुपारी एक ते दीड सोडून करावा, त्या वेळी माझे दोन्ही हात गुंतलेले असतात.

कळावे,
आपली,
एक आजी, डोंबिवली (पूर्व)